कोव्हेंट्रीला पाठवलेला माणूस

चहाचा भोंगा झाला की भट्टीपाशी दरबार भरे. त्या खात्यात गाड्यांच्या लाल तापलेल्या दातेरी पोलादी चाकांना तेलात बुडवून पाणी देत, म्हणजे कडक करत. डिसेंबरातही तिथे ऊब असे, म्हणून शेजारच्या लेथवाल्यांचे पायही आपसूक तिकडेच वळत. उलट्या पेट्यांवर माणसं बसत, कागदात गुंडाळलेला चरबी लावलेला पाव उलगडत, आणि मग कुणीतरी एखादी म्हण मध्ये टाके. जात्यात मूठभर दाणे टाकावेत तशी.

"एनॉक, काल सासू म्हणाली, शेजारच्या म्हाताऱ्याने बादलीला लाथ मारली. मेला म्हणजे. मी म्हटलं, मरणाऱ्या माणसाला बादली कुठून सापडली?"

विचारणारा बहुधा क्लेम यार्डली असे. लेथवर काम करणारा, चाळिशीचा, घरी सासूने आणि कारखान्यात मुकादमाने गांजलेला. एनॉक टिमिन्स आपला मग खाली ठेवी, मिशीवरचा चहा मनगटाने पुशी, आणि जरा वेळ भट्टीच्या दाराकडे पाही. त्या फटीतून गोष्टी बाहेर येतात असंच सगळ्यांना वाटे.

"बादली नव्हेच ती. माझा बाप परसात डुक्कर कापायचा. ज्या वाशाला डुकराला उलटं टांगायचं, त्या वाशाला आमच्याकडचे जुने लोक त्याच नावाने ओळखत. जीव जाता जाता जनावर पाय झाडतं. ते वाशाला लागतात. टक, टक. आम्ही पोरं घरात कान झाकून बसायचो आणि आई म्हणायची, झालं, मारली लाथ."

"थापा!" पलीकडच्या पेटीवरून हॉरेस गार्लिक गरजे. हॉरेस म्हणजे कामगारांचा म्होरक्या. खांद्याने रुंद, शब्दाने पक्का. "गळफास घेणारा बादलीवर चढतो आणि लाथेने ती उडवतो. शेंबड्या पोरालाही कळतं."

"तुझ्या घरात खुर्ची नाही वाटतं, हॉरेस?"

हसण्याने पत्र्याचं छप्पर हले. दोन्ही गोष्टींना पुरावा नव्हता आणि तो कुणाला नकोही होता. गुपित फुटलं की मांजर पोत्यातून बाहेर पडलं का म्हणतात, टोप्या करणारे वेडे का ठरले, मुसळधार म्हणजे कुत्र्या-मांजरांचा पाऊस आधी कुणाच्या छपरावर पडला, सगळ्याचा निवाडा त्या पेट्यांवर व्हायचा. एनॉकची गोष्ट एका बाजूला, हॉरेसची दुसऱ्या बाजूला, आणि जिंकायचा बहुतेक वेळा एनॉक. कारण हॉरेस गोष्ट सांगे ती सिद्ध करायला, आणि एनॉक सांगे ती ऐकणाऱ्याला सोबत म्हणून.

एका म्हणीवर मात्र दोघांचं कधी मिटलं नाही. ज्याच्याशी सगळ्यांनी बोलणं टाकलं, ज्याला जिवंतपणी वाळीत टाकला, त्याला 'कोव्हेंट्रीला पाठवला' असं सबंध इंग्लंड म्हणतं. आणि ही सगळी मंडळी तर कोव्हेंट्रीचीच. जन्मली तिथे, बॉम्ब पडले तेव्हा तिथल्याच तळघरांत बसली, आणि आता पडलेल्या कॅथेड्रलशेजारी नवं उभं राहत होतं ते सायकलवरून जाता-येता बघत होती. आपल्या गावाचं नाव असं वाईटाला का लागलं, हे सगळ्यांनाच खुपे.

हॉरेस म्हणे, राजा आणि पार्लमेंटची लढाई जुंपली तेव्हा राजाच्या बाजूचे कैदी इथे आणून चर्चमध्ये कोंडले, आणि गाव पार्लमेंटचं, म्हणून त्यांच्याशी कुणी बोललं नाही. एनॉक म्हणे, कैदी नव्हे, शिपाई. गावाला शिपाई मुळातच नकोसे. इथे छावणी पडली की त्यांच्याशी बोलताना दिसलेल्या पोरीला बाप घरात घेत नसे.

"शिपाई बाजारात यायचा," एनॉक सांगे, आणि त्याचा आवाज खाली उतरे, "पावाचा भाव विचारायचा. पाववाली बोटं दाखवायची. रस्ता विचारला तर म्हातारा काठीने दाखवायचा. पोरं खेळता खेळता गप्प व्हायची. बिचाऱ्याला स्वतःच्याच बुटांचा आवाज तेवढा ऐकू यायचा. आणि हे कुठवर? तर शेवटचा शिपाई वेशीबाहेर पडेपर्यंत. तो पडला, आणि सगळं गाव एकदम बोलायला लागलं."

"हे शेवटचं कुठून आणलंस?" हॉरेस विचारे.

"आजीकडून."

आजीकडून असेल किंवा सांगता सांगता आपसूक उगवलं असेल. शेताच्या बांधावर गवत कुणी पेरलेलं नसतं.

*

ऑक्टोबरात एका दुपारी हॉरेसने शिट्टी वाजवली. मुकादमाने एका माणसाला बोलता बोलता ढकललं होतं, काम बंद. लेथचे पट्टे थांबले, माणसं हात पुसत दाराकडे निघाली. एनॉकची भट्टी तेव्हा भरलेली होती. चाकं चेरीच्या रंगाला आलेली, आणखी जराशाने बाहेर काढून तेलात सोडायची. नाही काढली तर आतल्या आत बिघडणार, पुढे कुणाच्या तरी गाडीत दाते मोडणार. तापलं पोलाद सोडून जाणं त्याला जमलं नाही. भरल्या दिवसांची बाई वाटेत सोडून कुणी जातं का? त्याने चिमट्याने एकेक चाक काढलं, तेलात बुडवलं, धूर खाली बसेस्तोवर उभा राहिला, दार लावलं, आणि मग टोपी घालून बाहेर आला.

फाटकाशी सगळे भुरभुर पावसात उभे होते. त्याच्या अंगाला गरम तेलाचा वास होता.

"आलास?" हॉरेस म्हणाला.

"माल काढून आलो. वाया गेला असता."

"कुणाचा माल, एनॉक?"

म्हणींची उत्तरं तोंडावर असलेला माणूस एवढ्याशा प्रश्नाला अडखळला. हॉरेसचं तोंड रागाचं नव्हतं, दुखऱ्या माणसाचं होतं. त्याच्या लहानपणी असाच एक संप मोडला होता. बाहेर राहिलेल्यांत त्याचा बाप होता, आणि आत जाणारे म्हणाले होते की फक्त हातातलं संपवतो. त्या बापाला पुढे गावात काम मिळालं नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. एनॉकलाही.

एनॉकशी कुणी बोलायचं नाही, असं हात वर करून ठरलं. पावसात वर झालेले ते हात एनॉकने बघितले. क्लेमचा सगळ्यांत शेवटी वर झाला.

"किती दिवस पण?" क्लेमने विचारलं.

"त्याच्याच गोष्टीत आहे की," हॉरेस म्हणाला. हे बोलताना तो एनॉककडे पाहत नव्हता. न बोलणं तेव्हाच सुरू झालं होतं. "शेवटचा शिपाई वेशीबाहेर पडेपर्यंत."

एनॉक सहाएक महिन्यांनी, ईस्टरला, निवृत्त व्हायचा होता.

*

संप दोन-चार दिवसांत मिटला. मुकादमाने माफीही मागितली. एनॉकचं मात्र तसंच राहिलं.

न बोलण्याची एक रीत असते, आणि ती पाळायला कष्ट पडतात. एनॉकला लागणारा चिमटा कुणी हातात देईना. तो बाकावर ठेवायचा आणि दोन पावलं मागे सरायचं. चहाच्या किटलीपाशी त्याचा मग खिळ्याला तसाच लटके, म्हणून तो घरून बाटलीत चहा आणू लागला. भट्टी त्याची, ऊब त्याची, पण पेट्या आता लेथच्या बाजूला गेल्या. तिकडे गार वारा लागे. माणसं कॉलर वर करून बसत, पण तिथेच बसत.

सगळ्यांत वाईट म्हणजे, म्हणी अजून निघत. "कुत्र्या-मांजरांचा पाऊस म्हणजे काय असतं, माहितेय?" असं म्हणून क्लेम एनॉकचीच गोष्ट सांगायला बसे. जुनं गवती छप्पर, त्यात उबेला झोपलेली जनावरं, पावसाने घसरून खाली. पण क्लेम मांजराच्या आधी कुत्रं पाडायचा आणि सगळी गंमत घालवायचा. लांबून एनॉकचे ओठ हलत. मांजर आधी रे, गाढवा. मांजर हलकं असतं.

त्याला एवढंच हवं होतं की जाण्याआधी कुणीतरी एकदा बोलावं. आणि आणखी एक, जे तो स्वतःशीही उघड म्हणत नसे. त्या कारखान्यात माणूस कायमचा जायला निघाला की निरोपाची ठोकाठोक करत. तो दोन्ही बाजूंच्या बाकांमधून चालत जाई, आणि प्रत्येक जण हातात असेल ते, हातोडा, पाना, सळई, बाकावर, खांबावर, पत्र्यावर बडवी. कानठळ्या बसत. मुकादमसुद्धा दाराची कडी आपटे. लग्नात नाही की बारशात नाही, असं वाजवणं माणसाच्या वाट्याला एकदाच येई. एनॉकने कितीकांसाठी चिमटा भट्टीच्या दारावर बडवला होता. आपल्यासाठी तो आवाज होणार की नाही, हा विचार हिवाळाभर त्याच्या मागे लागला.

घरी ओलिव्हला त्याने काही सांगितलं नव्हतं. बायकोला सांगायचं तरी कसं? तिने लग्न केलं ते याच जिभेशी. संध्याकाळी तो सायकल आत घेई, ती ताटात वाटाणे आणि बटाटे वाढी, आणि रोजच्यासारखं विचारी, "आज काय निघालं?"

"आज? आज ते... अंगठ्याच्या नियमाचं निघालं. अंदाजाने करायचं त्याला म्हणतात ते."

"मग? कुठून आलं म्हणालास?"

"दारू गाळणारे अंगठा बुडवून ऊब बघायचे, त्यावरून. हॉरेस म्हणाला सुतारांवरून. जुंपली चांगलीच."

"आणि क्लेम काय म्हणाला?"

"क्लेम काय म्हणणार? सासूचा अंगठा त्याच्या टाळूवर आहे, म्हणाला."

ती हसे. त्याला बरं वाटे आणि त्याच घासाला कसंतरीही वाटे. दिवसभर साठलेलं न बोलणं तो असं घरी आणून बोलणं करून वाढत होता. कारखान्यात न झालेली भांडणं ताटावर होत, न झालेलं हसू ताटावर होई. आजवर त्याने खऱ्या माणसांसाठी गोष्टी रचल्या होत्या. आता गोष्टींसाठी माणसं रचत होता.

*

नवं वर्ष लागलं, दिवस जरा लांबले, आणि एनॉकचा धीर सुटला.

चहाची सुट्टी होती. तो उठला, लेथच्या बाजूला गेला, आणि पेट्यांच्या कडेला टोपी हातात घेऊन उभा राहिला. बोलण्याला त्याला बंदी नव्हती. उत्तर द्यायची बंदी इतरांना होती.

"आपल्या गावाच्या म्हणीचं मला आणखी एक कळलंय," तो म्हणाला.

पावाचे कागद कुरकुरायचे थांबले. कुणी वर पाहिलं नाही, पण कान सगळ्यांचे इकडे होते. किती दिवसांचे भुकेले कान ते!

"हॉरेसचंच बरोबर असेल कदाचित. शिपाई नव्हेत, कैदीच. चर्चमध्ये कोंडलेले. गाव त्यांच्याशी बोलत नव्हतं. पण हिवाळा पडला, आणि थंडी अशी की घंटेचा दोरही ताठला. तेव्हा एक बाई... पाववालीच ती... टोपली घेऊन आली आणि दाराच्या फटीतून म्हणाली, पोरांनो, खाऊन घ्या. एवढंच म्हणाली. एक जण बोलला म्हणून मग दुसरा बोलला. गावाने तोंड उघडलं ते असं. वेस-बिस काही नाही. ते वेशीचं मला नीट आठवत नाही. काही लोक म्हणतात, सगळंच नंतर कुणीतरी जुळवलंय."

आवाज तोच होता, थांबणंही तेच. पण एनॉकला सांगता सांगताच कळलं की गोष्ट चालत नाहीये. सायकलच्या चाकाला भोक पडल्यावर ती जशी जड होते तशी ती जड झाली होती. समोर बसलेल्यांनी त्याच्या शेकडो गोष्टी ऐकल्या होत्या. त्यातली कुठली खरी, कुठली जुळवलेली, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पण स्वतःसाठी सांगितलेली ही पहिली होती, आणि ती त्यांनी पहिल्या वाक्यात ओळखली.

क्लेमने मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते. दुसऱ्याची लाज आपल्याला वाटावी, तसे.

हॉरेस किटलीकडे वळला आणि किटलीला म्हणाला, "गोष्ट बदलता येते. फाटकाशी मारलेली दांडी नाही बदलता येत." मग त्याने किटलीचं झाकण उगीच घट्ट दाबलं. "आणि पावाची टोपली घेऊन माझ्या बापाच्या दाराशी कुणी आलं नव्हतं."

किटलीने काय बोलावं?

एनॉक परत भट्टीपाशी आला. त्या दिवसापासून लेथच्या बाजूला म्हणी निघेनात. आधी त्याच्या गोष्टी त्याच्याविना चालत होत्या. आता त्याही बंद पडल्या. चुकीचं सांगायचा, मांजराआधी कुत्रं पाडायचा, पण तो क्लेमचा आवाज होता. तोही गेला. माणसं मुकाट पाव खात आणि घड्याळाकडे बघत. एका माणसाला कोव्हेंट्रीला पाठवायला निघालेलं खातं सगळंच्या सगळं तिकडे जाऊन पोचलं होतं.

*

शेवटचा दिवस उजाडला तसाच मावळलाही. एनॉकने भट्टी झाडली, चिमटे पुसून ओळीने ठेवले, खिळ्यावरचा मग पिशवीत टाकला. ऑफिसातल्या मुलीने मान वर न करता त्याची कागदं केली. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. तिला फक्त सर्दी होती. "नीट जा हं," एवढं ती म्हणाली, आणि तो आवाज त्याला इतका अनोळखी वाटला की तो दचकला.

मग तो बाकांच्या मधल्या वाटेने निघाला.

लेथ चालू होते. पट्टे फिरत होते. कुणी पट्टा सोडला नाही, कुणी हत्यार उचललं नाही, कुणी पाठ वळवली नाही की तोंड वळवलं नाही. प्रत्येक जण आपल्या कामाकडे असं बघत होता, जसं काही ते काम त्याने पहिल्यांदाच पाहिलं. यंत्रांच्या एवढ्या घरघरीत एनॉकला आपल्या बुटांचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू आला.

क्लेमच्या बाकापाशी एक पाना खाली पडला. खण्ण. निसटला की सोडला, ते क्लेमलाच ठाऊक. हॉरेसचा हात हातोड्याच्या दांड्यावर होता. एनॉकने तो पाहिला, त्या हाताची पांढरी पडलेली बोटं पाहिली. क्लेम वाकला, पाना उचलला, आणि झोपलेल्या मुलाला अंथरुणावर ठेवावं तसा, आवाज न करता, बाकावर ठेवला. हॉरेसचा हात तिथेच राहिला. एनॉक पुढे गेला. दार आलं. दाराबाहेर वारा होता.

*

सायकल हातात धरून तो कालव्याच्या कडेने पायीच गेला. पोचला तेव्हा अंधार पडायला लागला होता. ओलिव्हने आज कलेजीचे गोळे केले होते, रश्शासकट. सणावारी करायची गोष्ट. टेबलावर धुतलेली चादर अंथरली होती.

"वाजवलं?" तिने विचारलं.

"वाजवलं," तो कोट काढत म्हणाला. "बाई गं, काय वाजवलं. कान बसले माझे. हॉरेसने तर हातोडाच घेतला."

"हो," ओलिव्ह ताटात रस्सा ओतत म्हणाली. "इथवर ऐकू आलं."

कारखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, कालव्यापलीकडे. स्वच्छ सकाळी तिथला भोंगासुद्धा या घरात ऐकू येत नसे. एनॉकने कोट खुंटीला अडकवला, तो खाली पडला, त्याने तो उचलला नाही. ओलिव्ह रस्सा ओततच होती. ताट भरून चादरीवर यायला लागला तरी ओतत होती.

"केव्हापासून?" त्याने विचारलं.

"कसाबाच्या रांगेत. ऑक्टोबर संपत आला होता. मी हॉरेसच्या बायकोला, मेबलला, म्हटलं, थंडी पडली. ती माझ्याकडे पाहून पुढच्या बाईशी बोलायला लागली. मग ती पुढचीही." तिने भांडं खाली ठेवलं. "शेवटी मी लांबच्या कसाबाकडे जायला लागले. तिथे मला कुणी ओळखत नाही."

"आणि मला रोज विचारत होतीस."

"तू रोज सांगत होतास की."

तो खुर्चीवर बसला. तिला काहीतरी सांगावं, आत्ता, या भरलेल्या ताटापाशी, असं त्याला फार वाटलं. त्याने डोळे मिटले आणि आत पाहिलं, जिथून आजवर गोष्टी यायच्या तिथे. भट्टी झाडून, राख काढून, दार उघडं ठेवून आलेला माणूस तो. आतही तसंच होतं. बापाचं डुक्कर नव्हतं, आजी नव्हती, शिपाई नव्हता, पाववाली नव्हती. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

ओलिव्हने ते पाहिलं. ती समोर बसली. त्याचा काटा त्याच्या हातात दिला, मुठीत नीट धरवला. आणि बोलायला लागली.

ती काही गोष्टी सांगणारी बाई नव्हती. लांबच्या कसाबाकडे जाताना लागणाऱ्या टेकाडाबद्दल ती बोलली. त्याच्या दुकानातल्या लंगड्या मांजराबद्दल बोलली. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या टोपीबद्दल, आणि आपण त्या बाईशी बोलत उगीचच चार थांबे पुढे गेलो त्याबद्दल. मटाराचे डबे महाग झाले. गटार परत तुंबलंय. कुठल्याच गोष्टीला सुरुवात नव्हती, शेवट नव्हता, मध्येच ती विसरे आणि मागे जाई.

रस्सा गार होऊन त्यावर साय धरली. तो ऐकत राहिला. बाहेर अंधार पूर्ण पडला, दिवा लावायला कुणी उठलं नाही, आणि आपण थांबलो तर पुढे काय होईल हे ठाऊक असल्यासारखी ती बोलतच राहिली.